म्हादबा आणि पाण्यात हवा सोडणारी मशीन

एका गावात म्हादबा नावाचा भोळा गडी होता. इतका भोळा, की "तोंड सांभाळ" म्हटलं तर दोन्ही हातांनी तोंड धरून बसायचा.

तो शिवलिंगआप्पांच्या डेअरीत कामाला होता. डेअरीचं तुपकट पाणी ओढ्यात जायचं. ओढा पांढरा झाला, म्हशी तोंड लावीनात. गावानं तक्रार केली. वरून हुकूम आला, साहेब तपासायला येतील, पाणी साफ करा, नाहीतर डेअरीला कुलूप. डेअरीवर निम्म्या गावाच्या चुली पेटायच्या. आप्पांची झोप उडाली.

मशीन विकत घ्यायची म्हणजे आप्पांच्या जिवावर यायचं. म्हणाले, "साहेब बघून जाईपर्यंतच तर लागणार. म्हादबा, शहरात जा, पाण्यात हवा सोडणारी मशीन भाड्यानं आण."

म्हादबा गेला. एका मांडववाल्याकडून टेम्पोत घालून लग्नातला मोठा कूलर घेऊन आला.

"पाणी पण आहे, हवा पण आहे," म्हणाला.

"अरे गाढवा, वारा नकोय! घाण खालून वर आली पाहिजे. घेण्याआधी विचार, वर काय येतं?"

म्हादबा परत त्याच मांडववाल्याकडे गेला. "खालून वर येणारं काही आहे का?"

"आहे की, लग्नात वर उचलायचं स्टेज."

"वर काय येतं?"

"वर? वर वर येतो."

म्हादबा स्टेज घेऊन आला. आप्पांनी बटण दाबलं. फुलांनी सजवलेली रिकामी खुर्ची झुलत वर गेली. आप्पांनी कपाळाला हात लावला आणि मशीन आणायला स्वतः गेले.

खरी मशीन आली. लोखंडी टाकी, चढायला शिडी. सोबत रझाक मिस्त्री. तो म्हणाला, "खालून बारीक बुडबुडे उठतात, चरबी घेऊन वर येतात. वर येईल ते या फावड्यानं शेजारच्या हौदात ढकलायचं. विचार करायचा नाही."

"तो मी करतच नाही," म्हादबा म्हणाला.

संध्याकाळी कढईत दूध तापत होतं. साय वर आली. म्हादबानं ती ओढली आणि हौदात ढकलली. मग दुसऱ्या कढईची. मग तिसरीची.

आप्पा छाती धरून खाली बसले. "अरे, दुधावरचं नाही रे! मशीनवर जे वर येईल ते!"

"कायपण?"

"कायपण! उद्या साहेब येणार. कुणाचं काही ऐकू नकोस, हात थांबवू नकोस."

सकाळी साहेब आले. नारळपाणी झालं, काजू झाले. पाण्याकडे त्यांनी नाक दाबून लांबूनच पाहिलं. "छान आहे," म्हणाले. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

निघता निघता साहेबांना वाटलं, मशीनबरोबर आपला एक फोटो हवा. वर टाकीवर म्हादबा फावडं घेऊन उभा होता. त्यांनी शिडीवर पाय ठेवला. "ए, बाजूला हो. मी वर येतोय."

साहेब वर पोचून फोटोसाठी वळले, तसं म्हादबानं फावडं त्यांच्या पाठीला लावलं आणि त्यांना हौदात ढकललं.

कालच्या सायीसकट सगळी घाण साहेबांच्या गळ्यापर्यंत आली. आप्पा किंचाळत धावले, "म्हाद्या! अरे, हे काय केलंस?"

"थांबा आप्पा, मधे बोलू नका," म्हादबा फावडं उगारत म्हणाला, "ते परत वर येतायत."