अर्ध्या लेण्याचे पाणी

चपला बाहेरच ठेवा, आणि देव कुठे आहे असे मला विचारू नका. इथे देव नाही. पुढचे खांब बघा, हात फिरवावा इतके गुळगुळीत. मागच्या भिंतीत मात्र नुसते खांदे कोरलेले आहेत आणि खाली उघडा खडक. त्या खडकाच्या भेगेतून पाणी झिरपते आणि पायथ्याच्या टाक्यात उतरते. आमच्या आंबेदऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी प्यायले.

त्याआधी तेही नव्हते. दुष्काळात गावाने भैरोबाला लेणे कोरायचा नवस बोलला आणि काम कान्हू पाथरवटाकडे आले, असे सांगतात. त्याचे नुकतेच लग्न झालेले. बायकोचे नाव राही. कान्हूने या खडकाला बेल वाहून शपथ घेतली, की यातून देव उभा राहीपर्यंत डोंगर उतरणार नाही, घरच्या माणसाचे तोंड पाहणार नाही. तरुण माणूस नवसात जरा जास्तच बोलून जातो. एवढे देवानेही मागितले नव्हते.

खांब झाले, देवाचे खांदे झाले; तोंड शेवटी कोरायचे म्हणून राखलेले. छाती कोरायला घेतली आणि छिन्नीखालून पाणी फुटले, म्हणे. खाली टाके भरले, गाव नाचले. कान्हूने पुढचा घाव घातला, तसे पाणी आत वळले आणि डोंगरात गडप झाले. त्याने घाईघाईने दगडाची कपची भेगेत ठोकली, तेव्हा कुठे ते परत बाहेर आले. मग तो समजला. देव पुरा केला तर गावाचे पाणी जाते, आणि नाही केला तर त्याचे घर जाते.

गावकरी वर आले, शपथ सोड म्हणाले. तो एवढेच बोलला, "शब्द तुमास्नी दिला असता, तर सोडला असता." छिन्नी खाली ठेवली ती ठेवलीच.

गुराखी वळणावर त्याची भाकरी ठेवून जात. राही रोज सकाळी टाक्यावर येई आणि मान खाली घालूनच हाक देई, "पाणी आलं हो!" वरून हातोड्याचा एक ठोका ऐकू येई. मगच ती घागर बुडवी. तिचा संसार तेवढाच. त्यातच तिचे केस पिकले.

एका सकाळी ठोका आला नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती रिकामी घागर घेऊन उभी राहिली, आणि मग पहिल्यांदा हा डोंगर चढली. कान्हू इथेच, भेगेशेजारी टेकून बसल्याजागीच गेलेला होता. राहीने इतकी वर्षे मनात जपलेले तोंड तरुण होते. समोर पांढऱ्या दाढीचा म्हातारा. मागून आलेल्या लोकांना ती म्हणाली, "ह्यो कोन? मी ह्याला वळकत न्हाई." आणि त्याचा हात मांडीवर घेऊन रडत बसली.

आता घरोघर नळ आलेत. माझी मंडळी होती तोवर ती टाक्यावर जाई. ती गेल्यापासून मीच जातो. आजही पाण्याला गेलेले माणूस आधी वर हाक देते आणि थोडे थांबते. ठोका येणार नाही हे ठाऊक असते. तरी न थांबता घागर बुडवायचा धीर मला अजून झालेला नाही.