नवसाच्या बाळाचे हृदय

एकदा एका वृद्ध हृदयतज्ज्ञांकडे एका कापडव्यापाऱ्याची पत्नी आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेला पाचवा महिना होता आणि जिना चढताना धाप लागत होती. वृद्धांनी तिला तपासले आणि या दिवसांत एवढी धाप लागायचीच, असे सांगितले. सासूबाई निर्धास्त झाल्या आणि मोकळेपणी बोलू लागल्या. बरीच वर्षे कूस उजवत नव्हती, शेवटी कुलदेवीला नवस बोलल्या आणि देवी पावली. आता सातव्यात ओटी भरून सुनेला घाटाखालच्या गावी धाडायचे. पहिले बाळंतपण माहेरीच, ही घरची रीत. सून मान खाली घालून बसली होती.

"नवसाचं बाळ आहे का?" वृद्ध म्हणाले. "मग त्याचं हृदय खास सोनोग्राफीवर बघून घेऊ."

शेजारी बसलेला शिष्य चक्रावला. पुराव्याशिवाय साधी गोळीही न देणारे आपले गुरू नवसावरून तपासणी लिहून देतात, हे त्याच्या पचनी पडेना. दोघी गेल्यावर त्याने विचारलेच.

"नवसाचं नाव निघालं तशी तिची मान खाली गेली," वृद्ध म्हणाले. "मूल व्हावं म्हणून उपचार घेतला असेल आणि घरी सांगितला नसेल, असं मला वाटलं. प्रयोगशाळेत तयार झालेल्या गर्भातून जन्मणाऱ्या बाळांत हृदयाचा जन्मजात दोष थोडा जास्त आढळतो. बहुतेक बाळं ठणठणीतच असतात. पण आमच्या मावळात भाताची लावणी झाली की शेतकरी खाचरात आणखी एक फेरी मारतो, रोपं धरली का बघायला. म्हणून लावणीचं भात कमअस्सल ठरत नाही."

"पण सर, दोष उपचारामुळे येतो, की ज्या कारणाने उपचार लागला त्यामुळे?"

"अजून नीट कळलेलं नाही. प्रश्न चांगला आहे, सोडू नकोस."

"मग तिला सरळच का नाही विचारलंत?"

"सासूपुढे ती नाही म्हणाली असती, आणि आपण ते खरं धरून बसलो असतो."

तपासणीत दिसले की बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली आहे. पोटात ते सुखरूप होते, पण जन्मल्यावर काही वेळातच निळे पडले असते. शस्त्रक्रियेची सोय जवळ हवी होती. माहेरच्या गावी ते जगणे कठीण होते. वृद्धांनी सुनेला एकटीला बोलावून हे सांगितले. ती रडली. उपचाराचे फक्त नवऱ्याला ठाऊक होते, आणि आता सगळे खापर त्या उपचारावरच फुटेल, ही तिची भीती. वृद्धांनी तिला समजावले की हा दोष तिचा नाही आणि कुणाचाच नाही. सासूबाईंशी मी बोलू का, असेही विचारले. पण तिने डोळे पुसले, सासूबाईंना आत बोलावले आणि स्वतःच सारे सांगितले.

शिष्याला सासूबाईंकडे पाहवेना.

"इंजेक्शनं घ्यायला जायचीस तेव्हा सोबत कोण असायचं?" सासूबाईंनी विचारले.

"कुणीच नाही. यांना दुकान सोडता येत नसे."

"मग आता माहेरी कशाला जातेस? इथंच राहा. मी येत जाईन तुझ्याबरोबर."

बाळ शहरातच जन्मले, आठवडाभरात त्याची शस्त्रक्रिया झाली, आणि आता दूध पिताना ते दमत नाही. शिष्य मात्र तेव्हापासून गर्भवतीला काही विचारण्याआधी उठतो आणि सोबतच्या मंडळींना नम्रपणे बाहेर बसायला सांगतो.