मोकळी गल्ली आणि सरळ रस्ता

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पाऊलवाटा उदंड होत्या आणि रस्ते मात्र बोटांवर मोजण्याइतके. त्या काळी विणकरांचं एक गाव होतं. घराघरात माग होता, आणि सगळ्या घरांच्या मधून एक लांबलचक सरळ गल्ली जात होती. त्या गल्लीचं नाव होतं मोकळी.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. मागावर चढवण्याआधी सुताला भाताची खळ पाजावी लागते. उभ्या धाग्यांचा साठ हात लांब ताणा दोन टोकांना बांधायचा, त्याला खळ लावायची आणि सुकेपर्यंत कुंच्याने विंचरत राहायचं. या कामाला पाजणी म्हणतात. पाजणीला जागा लांब हवी आणि वारा अजिबात नको, नाहीतर सूत सुतात गुंततं आणि महिन्याची मेहनत मातीत जाते. मोकळीच्या दोन्ही अंगांना घरं होती, त्यामुळे वारा आत शिरत नसे. म्हणून तिथे बाज टाकायची नाही, बैल बांधायचा नाही, लग्नाचा मांडवसुद्धा घालायचा नाही, असा गावाचा नेम होता.

नेमावर लक्ष ठेवायची आत्याबाई. तिला हे काम कुणी दिलं नव्हतं आणि तिच्याकडून काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. ती साऱ्या गावाची आत्या. कुणाचं कोंबडं गल्लीत दिसलं की ती काठी घेऊन उठे आणि कोंबड्याला सोडून मालकाच्या मागे लागे.

तर झालं असं, की राजाच्या मनात आलं, राजधानीपासून बंदरापर्यंत एक रस्ता असावा, आणि तो ओळंबा सोडल्यासारखा सरळ असावा. राजाचा मोजणीदार दोरी घेऊन निघाला. मजल दरमजल करत तो या गावी आला तो नेमका अमावास्येला. अमावास्येला विणकर मागाला हात लावत नाहीत. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी, आणि ओट्यावर एकटी आत्याबाई पान कुटत बसलेली.

"आजीबाई, ही गल्ली कुणाची?" मोजणीदाराने विचारलं.

"कुणा एकाची नाही, बाबा. सगळ्यांची."

"मध्ये काही अडथळा?"

"अडथळा? अहो, ही मोकळी! पणजोबांच्या वेळेपासून मोकळी. इथे कुणाची बाज टाकायची टाप नाही," आत्याबाई मान ताठ करून म्हणाली.

मोजणीदार खूश झाला. त्याने वहीत लिहिलं, 'जागा मोकळी. मालक कुणी नाही.' आत्याबाईने त्याला गूळपाणी दिलं. वर त्याच्या दोरीचं एक टोकही धरलं. काय मोजताय, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं. गल्लीच्या दोन्ही टोकांना त्याने खैराच्या मजबूत खुंट्या ठोकल्या, तेव्हा पाजणीसाठी राजानेच धाडल्या असतील, असं वाटून तिला राजाचं कौतुक वाटलं.

आठ दिवसांनी दवंडी पिटली. रस्ता मोकळीतून जाणार! परवा सकाळी खोदाई!

गावात एकच कल्लोळ झाला. "वहीत मोकळी जागा म्हणून लिहिलंय म्हणे. असं सांगणारा शहाणा कोण?" गावचा पाटील ओरडला.

आत्याबाईला पान गोड लागेना. ज्या गल्लीत तिने आयुष्यभर कोंबडं फिरकू दिलं नाही, तिथे तिनेच गाडीबैल बोलावले होते. तिला फार वाईट वाटलं. पण लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "मी सांगितलं. निस्तरणार पण मीच."

तरणे विणकर खुंट्या उपटायला धावले. आत्याबाईने काठी आडवी धरली.

"उपटू नका रे. खुंटी उपटली की भांडण खुंटीचं होतं आणि गल्ली राहते बाजूला. खुंट्या चांगल्या पक्क्या आहेत. परवा पहाटे ताण्याला ताणा जोडून त्यांनाच बांधा."

ठरल्या दिवशी मोजणीदार कुदळी-फावडेवाल्यांना घेऊन आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकला. त्याच्याच खुंट्यांना बांधलेलं ओलं सूत गल्लीभर पसरलं होतं. दोन्ही बाजूंनी सगळं गाव कमरेत वाकून कुंचे फिरवत होतं. कुणी वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

"आजीबाई!" मोजणीदार तापला. "मोकळी आहे, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"मीच. आणि आहेच की मोकळी. जेवायच्या आधी ताट मोकळंच असतं. म्हणून कुणी त्यात पाय ठेवतं का?"

मोजणीदाराने वही उघडली, आपलंच अक्षर वाचलं आणि मिटली. माणूस कामाला चोख होता. आपलं चुकलं, हे त्याला कळलं. पण राजाचा धाकही होता.

"पण रस्ता सरळ पाहिजे, असा हुकूम आहे हो," तो हळूच म्हणाला.

"सूत सरळ राहावं म्हणून आम्ही वाकतो, ते बघताय ना? मग माणसं सरळ राहावीत म्हणून रस्त्याला वाकू द्या. तळ्याकडेने न्या. आणि राजाला माझा निरोप सांगा. म्हणावं, लेकरू असो की रस्ता, वळण हवंच. वळण नसलेल्याला दारात कोण उभं करतं?"

सूत सुकेपर्यंत मोजणीदार ओट्यावर बसून राहिला. मग त्याने तळ्याकडची वाट मोजली. आठशे पावलं जास्त भरली. या खेपेला दोरी ताणण्याआधी त्याने तळ्यावरच्या कोळ्यांना, धोब्यांना, गुराख्यांनासुद्धा विचारलं. मग दरबारात जाऊन त्याने आपली चूक आणि आत्याबाईचा निरोप, दोन्ही जशीच्या तशी सांगितली.

राजाने मिशीवरून हात फिरवला आणि तो खदखदून हसला. "आमच्या आईसाहेबही हेच म्हणत. द्या रस्त्याला वळण!"

रस्ता झाला. तळ्याकाठी वळणावर सावली होती, पाणी होतं, तेव्हा गाडीवान तिथे बैल सोडू लागले. बैल सुटले की माणसं इकडेतिकडे बघतात, आणि बघितलं की घेतात. विणकरांची पागोटी-लुगडी बंदरापर्यंत जाऊ लागली. गाडीवानांनी त्या जागेचं नाव ठेवलं, आत्याबाईचं वळण. हे ऐकून आत्याबाई वरवर रागावली, पण तिचं पान मात्र पुन्हा रंगू लागलं.

पुढे कधी अमावास्येला एखादा वाटसरू गल्लीत येई आणि म्हणे, "आजी, ही जागा मोकळी दिसते."

"दिसते, बाबा," आत्याबाई म्हणे. "पण भरलेली आहे. आणि आधी सांगा, हातात दोरी कशाला?"

तात्पर्य : जागा मोकळी दिसते तेव्हा ती कुणीतरी जपून मोकळी ठेवलेली असते; म्हणून मोजणाऱ्याने मोजण्याआधी विचारावं, आणि दोरीचं टोक धरणाऱ्यानेही.