न वापरलेल्याचा धनी

एका राज्यात सकाळ आधी कानांना कळायची आणि मग डोळ्यांना. पूर्वेला तांबडं फुटायच्या आत घरोघर जाती फिरू लागत, जात्यांवर ओव्या चढत. तालमीतून शड्डूचे आवाज येत. विहिरींवर रहाट कुरकुरत, आणि भोई ताल धरून गडाच्या पायऱ्या चढत. त्या राज्याचा राजा हेमध्वज, आणि राणी वनमाला.

वनमाला ही डोंगरातल्या एका गढीच्या सरदाराची लेक. तिच्या बापानं धनुष्याचा पण लावला नव्हता. तो म्हणाला होता, शिखरावरच्या देवीपाशी जो माझ्या लेकीच्या आधी पोचेल, त्याला लेक देईन. हेमध्वज धावला आणि हरला. वर पोचला तेव्हा वनमाला पायरीवर बसून बोरं खात होती. तिनं पाण्याचा गडू पुढं केला. त्याला धाप लागलेली, आणि त्या धापेतच त्याला स्वतःचं हसू फुटलं. असा हरून हसणारा राजपुत्र तिनं पाहिला नव्हता. ती बापाला म्हणाली, "आबा, पण मोडा." बापानं पण मोडला. लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघं रोज सकाळी शिखरावर जाऊन येत. उतरताना राजा राज्याच्या गोष्टी बोले, राणी माहेरच्या.

मग लढाया झाल्या, दुष्काळ झाले, राजाच्या कानशिलांवर पांढरे केस आले. शिखराची वाट मागं पडली. अशा दिवसांत दरबारी एक मांत्रिक आला. कालजंघ त्याचं नाव. अंगानं वाळक्या काटकीसारखा. दोन चेल्यांनी त्याला उचलून आणलं होतं.

"राजन्, तुझी प्रजा फार कष्टते," तो म्हणाला. "मी तीन वर देतो. जाती आपोआप फिरतील. पाणी आपोआप वर येईल. पालख्या भोयांवाचून चालतील."

"मोल काय?" राजानं विचारलं.

"काही नाही. या राज्यात जे कुणी वापरणार नाही, तेवढं माझं."

राजाच्या डोळ्यांपुढं मोडके नांगर आले, फुटक्या घागरी आल्या, झिजल्या वहाणा आल्या. नेतो तर नेऊ दे, असं म्हणून त्यानं मांत्रिकाच्या हातावर पाणी सोडलं.

जाती फिरू लागली. पाणी आपणहून हौदात येऊ लागलं. पालखीत बसावं, कुठं जायचं ते सांगावं, पालखी निघे. लोकांनी मांत्रिकाच्या नावानं दिवे लावले, आणि पहिलं वर्ष सुखाचं गेलं.

दुसऱ्या वर्षी लोकांच्या पायांतलं बळ गेलं. ते गेल्याचं कुणाला कळलंच नाही, कारण पाय कुणी वापरतच नव्हतं. मग छातीतला श्वास आखडला. चार शब्द बोललं की माणूस दम खाई. मग झोप गेली. अंग थकत नव्हतं, त्यामुळे गादीवर पडून लोक टक्क डोळ्यांनी आढ्याचे वासे मोजत. सर्वांत शेवटी हसू गेलं. डोंगरातल्या आपल्या गुहेत कालजंघ मात्र गुटगुटीत झाला. ज्यांनी पाहिलं ते सांगत, त्याचे दंड खांबासारखे झाले आहेत.

राजाचा त्रास सर्वांहून वाईट. तो मंचकावर भिंतीकडे तोंड करून पडून राही. वैद्यांनी रसायनं दिली, ती त्यानं मुकाट घेतली. कुणी काही विचारलं तर म्हणे, "ठीक आहे." राणीला ते 'ठीक आहे' ऐकवत नसे. ती खिडकीशी जाऊन बसे. खाली नगर होतं, पण नगराचा आवाज नव्हता. जाती फिरत होती, त्यांवर ओवी नव्हती. नवरा याच खिडकीशी उभा राहून शीळ घालायचा, ते तिला आठवे, आणि ती शीळ कशी होती ते काही केल्या आठवत नसे.

एके सकाळी राजवाड्याच्या बागेतून एक भारद्वाज चालत आला. तांबूस पंख, लाल डोळे. त्याला उडता येत होतं, पण तो चालत आला.

"राणी, काय हरवलं?" त्यानं विचारलं.

"सगळंच. कुठून सांगू?"

"मग मी सांगतो. श्वास शिखरावरच्या शंखात आहे. झोप तळ्यातल्या बेटावर, केवड्याच्या बनात आहे. हसू मांत्रिकाच्या अंगणात, दगडी रिंगणात आहे. वाहन नको, मंत्र नको. आपल्या अंगानं जा आणि घेऊन ये."

राणी निघाली. पहिल्या दिवशी गडाच्या पायथ्यापर्यंतच पोचली आणि तिथल्या दगडावर मटकन बसली. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. तेवढ्यात एक रिकामी पालखी आपोआप येऊन पुढ्यात उभी राहिली. आतून कालजंघाचा गोड आवाज आला, "राणीसाहेब, दमलात. बसा." ती बसली. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी पालखी तिथंच उभी होती. राणी तिला वळसा घालून पुढं गेली, फार नाही, पहिल्या वळणावरच्या चाफ्यापर्यंत. तिथून मागं आली ती आपल्या पायांनी. मग चाफ्याच्या पुढं, मग पडक्या चौकीपर्यंत. वाटेत तिला जुने दगड ओळखू येऊ लागले. इथं आपण करवंदं तोडली. इथं महाराजांची वहाण तुटली आणि ते अनवाणी उतरले. असं करता करता एक दिवस शिखर आलं. देवीपुढं शंख होता. राणीनं तो तोंडाला लावला. वाऱ्यासारखा श्वास तिच्या छातीत शिरला आणि बरगड्या कुलूप उघडावं तशा मोकळ्या झाल्या.

तिनं शंख पदराखाली धरून राजाकडं आणला. राजानं तोंडाला लावला. शंख रिकामा होता. दोन दिवस राणी उठली नाही, तर तिचाही श्वास पुन्हा आखडू लागला.

"तू मला फसवलंस," ती भारद्वाजाला म्हणाली.

"नाही. वापरणार नाहीस ते त्याचं, असा करार आहे. एकदा आणून भागत नाही, राणी. रोज आणावं लागतं. आणि दुसऱ्यासाठी ते शंखात भरून नेता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा राणी वाटेवर होती.

श्वास अंगात मुरला तेव्हा ती तळ्यावर गेली. लहानपणी आबांनी तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिला गढीच्या विहिरीत ढकललं होतं. आता भोपळा नव्हता, आबाही नव्हते. काठाशी तरंगत एक सोन्याची नाव आली, आतून तोच गोड आवाज आला. राणीनं तिच्याकडं पाठ फिरवून पाण्यात पाय टाकला. हातांना सगळं आठवत होतं. पहिले काही दिवस ती अर्ध्यातूनच परते, मग एकदा बेटाला लागली. केवड्याचा वास घेतला आणि परत येऊन ओल्या केसांनीच आडवी झाली, ती झोपली. जागी झाली तेव्हा काळजी होती तेवढीच होती. पण इतके दिवस ती उशाशी बसून असे. आता दाराबाहेर उभी राहिली होती.

तिसऱ्या कामाला राणी मांत्रिकाच्या गुहेपुढच्या अंगणात गेली. मधोमध दगडी रिंगण होतं. त्यात ती उभी राहिली, फिरली, नाचली. हसू आलं नाही.

"हे फुगडीचं रिंगण आहे," मागोमाग चालत आलेला भारद्वाज म्हणाला. "फुगडीला दोघं लागतात."

राणीनं दासींना विचारलं. त्यांना उठवेना. सेनापतीला विचारलं. तो म्हणाला, "राणीसाहेब, आज्ञा असेल तर पालखीतून येतो." मग ती राजाच्या मंचकाशी गेली.

"महाराज, उठा."

"कशाला?"

"दारापर्यंत या."

"दारापर्यंत जाऊन काय मिळणार, वनमाले?"

"दार," राणी म्हणाली.

राजानं कूस बदलली. मग त्यानं पाय खाली टाकले. आपल्यानं उभं राहवेना याची त्याला लाज वाटली, तरी त्यानं राणीच्या खांद्यावर हात ठेवला. दारापर्यंत गेला आणि परत येऊन पडला. पण त्या दिवशी त्यानं जेवण मागितलं. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली होती.

पुढं दार मागं पडलं, मग बाग, मग वेस. मधेच काही सकाळी तो उठायला नकार देई. "आज मन नाही," म्हणे. राणी म्हणे, "मन राहू दे इथंच. आपण जाऊन येऊ." आणि परतताना बहुधा मन वाटेतच कुठंतरी त्याला येऊन मिळे. लोक खिडक्यांतून पाहत. राजा धापा टाकत चालतो आहे, हे त्यांनी आधी नवलानं पाहिलं. मग एक म्हातारा तांबट काठी घेऊन खाली उतरला. मग एक बाई लेकराचं बोट धरून. पालख्या दारांत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दांड्यांवर चिमण्या बसू लागल्या.

गुहेत कालजंघाचे दंड उतरू लागले.

अखेर राजा-राणी मांत्रिकाच्या अंगणात आली. मागं सगळं नगर होतं. कालजंघ दारात उभा होता.

"राजन्, या वयात हे शोभत नाही," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

राजानं राणीकडं पाहिलं. राणीनं पदर खोचला. दोघांनी हातांची अढी घातली, पाय जुळवले, दोघं मागं झुकली आणि फिरू लागली. आधी हळू, मग वेगानं. राजाचं पागोटं उडालं. राणीचा अंबाडा सुटला. आकाश, माणसं, गुहेचं दार, सगळं एक झालं, आणि त्या गरगरण्यात राजाच्या पोटातून हसू वर आलं. तो हसला, राणी हसली, मग रिंगणाबाहेरचे लोक हसले, आणि हातात हात गुंफून तेही फिरू लागले.

त्या दिवशी त्या राज्यात न वापरलेलं काही उरलं नाही. करार संपला. कालजंघ पुन्हा काटकीएवढा झाला आणि दारातच बसला. लोक त्याला मारायला धावले. राजानं अडवलं.

"मला चालता येत नाही," मांत्रिक म्हणाला. "जन्मभर दुसऱ्यांचंच बळ वापरलं."

"शिकाल," राणी म्हणाली. "आमची माणसं हात देतील."

पुढं जाती थांबली. पहिल्या दिवशी बायांनी कुरकुर केली, आणि तिसऱ्या दिवशी कुठूनशी एक ओवी ऐकू आली. निम्मी ओवी लोक विसरले होते. ती त्यांनी नवी रचली. पालख्या राजानं मोडल्या नाहीत. आजाऱ्यांसाठी आणि बाळंतिणींसाठी ठेवल्या, आणि भोयांना त्यांचं काम परत दिलं. गेलेली वर्षं परत आली नाहीत. राजाचे गुडघे पावसाळी हवेत दुखत ते दुखतच. एखाद्या दिवशी त्याच्या मनावर धुकंही उतरे. पण ते धुकं चालताना विरतं, हे आता त्याला ठाऊक होतं.

तेव्हापासून त्या राज्याचा दरबार सकाळी उशिरा भरे. लवकर कुणी फिर्याद घेऊन आला, तर द्वारपाल सांगे, "महाराज आणि राणीसाहेब आत नाहीत, चालायला गेलेत. घाई असेल तर गाठा." आणि फिर्यादी धावत त्यांना गाठी, बरोबरीनं चालत आपलं गाऱ्हाणं सांगे. वेशीपर्यंत येता येता निम्मं गाऱ्हाणं हलकं झालेलं असे, उरलेल्याचा न्याय राजा करी.

त्यांच्या पायांना वाट लाभली, तशी ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणाऱ्याच्याही पायांना लाभो.