सटवाजीचा वेळू

फार फार वर्षांपूर्वी, आमची नदी बारमाही होती तेव्हा, घाटावर सटवाजी भोई नाव चालवायचा. त्याच्या हातात वेळूची लांब काठी असायची. डोहात ती उभी बुडवली तरी तळ लागत नसे, असं म्हणतात.

मग लोकांनी कोळशासाठी वरचा डोंगर तोडला. उरलेलं गवत शेळ्यांनी मुळासकट खाल्लं. दर पावसाळ्यात माती खाली येऊ लागली, आणि एका उन्हाळ्यात काठीला तळ लागला. सटवाजीनं पाण्याच्या रेषेवर खाच पाडली. पुढच्या वर्षीची खाच हातभर खाली आली.

गाव मात्र खूश होतं. डोह भरत गेला तशी वाळू वाढली, आणि वाळूत टरबुजं गोड येत होती. नदीनं जमीन दिली म्हणून बायांनी तिची ओटी भरली. सटवाजी सांगायचा, ही जमीन नव्हे, आपला डोंगर आहे. डोह बुजला की प्यायला पाणी उरणार नाही. लोक उलट त्यालाच विचारायचे, "काय भोई, डोंगर आज कुठवर आला?"

सातव्या वर्षी पाऊस आला तसा वाहून गेला. वेल करपले. वाऱ्यानं वाळू चुलीत येऊन पडू लागली. डोहात गुडघाभर पाणी उरलं आणि नाव तळाला टेकली.

तेव्हा सटवाजीनं नाव ओढत डोंगरावर नेली. त्याची बायको गोजरा म्हणाली, "नाव तर चढवलीत. आता नदीलाही वर बोलवा."

"तेच करतोय," तो म्हणाला.

त्यानं नाव उतारावर आडवी लावली आणि डोहातला गाळ पाटीपाटीनं तिच्यात आणून टाकला. दुसऱ्या दिवशी गोजराच्याही डोक्यावर पाटी होती. नाव भरली, तशी त्यानं आपली काठी तिच्यात रोवली. तीस वर्षं पाण्यात झिजलेल्या त्या वाळक्या काठीला पालवी फुटली, असं म्हणतात. त्या वर्षी पाणी नावेपाशी थांबलं, मुरलं, आणि निवळ होऊन खाली उतरलं. ते पाहून टरबूजवाल्यांनीही पाट्या उचलल्या.

पुष्कळ वर्षांनी म्हातारा सटवाजी तळ शोधायला डोहात उतरला. त्याला तो अजून सापडलेला नाही, असं म्हणतात.

डोंगरावर आज वेळूचं बेट आहे. दर अक्षय्य तृतीयेला त्यातली एक काठी डोहात बुडवतात, पाण्याच्या रेषेवर खाच पाडतात आणि गेल्या वर्षीच्या काठीशी ताडून पाहतात. खाच खाली आली असेल, तर घरटी एक पाटी गाळ वर पोचेपर्यंत गावात लग्नाचा ताशा वाजत नाही.

यंदा खाच चार बोटं खाली आली. चढावर सगळ्यांच्या पुढे नवरदेव होता, कपाळाला मुंडावळ्या आणि डोक्यावर पाटी.