मुकं बटण

“पण ती खोड तुमच्याच बटणाची होती ना, मास्तर?”

यल्लाप्पा मास्तर चष्मा पुसत राहिले.

सातवी शिकलेला माणूस. मिरजेत शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून संगणकाचे स्क्रीन बांधायला, म्हणजे त्यावरची बटणं-अर्ज लिहून घडवायला शिकवायचे. विचारणारा हेरंब इंजिनियर. शिष्यांत सगळ्यांत हुशार, आणि ते त्याला ठाऊक होतं.

वृद्धाश्रमाचा स्क्रीन त्याने बांधला होता. प्रत्येक खाटेशी स्क्रीनवर एक बटण. दाबलं की नर्सकडे घंटा वाजायची.

बटण त्याने नव्याने घडवलं नव्हतं. मास्तरांनी अर्ज भरण्यासाठी केलेल्या बटणाचा वारसा त्याने घंटेच्या बटणाला लावून दिला; मूळच्या सगळ्या सवयी आपोआप खाली उतरल्या. ते बटण एकदा दाबलं की उत्तर येईपर्यंत मुकं राहायचं. एकच अर्ज दोनदा जाऊ नये म्हणून.

नऊ नंबरच्या सोनाबाईंची पहिली हाक वाटेत हरवली. मग त्या दुपारभर मुकं बटण दाबत राहिल्या...

संध्याकाळी गेल्या.

“खोड माझी,” मास्तर म्हणाले. “वारसा लावताना संगणकाच्या यंत्रानं तुला अडवलं नव्हतं?”

“अडवलं. म्हणालं, घंटेच्या जागी अर्जाचं बटण बसत नाही.”

“मग?”

“मी लिहिलं, ही घंटाच आहे असं समज.”

“समजलं?”

“समजलं.”

“बिचारं. शिकलेल्या माणसापुढे काय बोलणार?”

हेरंबचा आवाज चढला. “काय हवं तेवढं लिहायचं, कसं ते यंत्र बघतं. हे तुम्हीच शिकवलंत! खाली सोनाबाईंचा मुलगा बसलाय. चला माझ्याबरोबर. चूक वरून, मूळ बटणातून आली, एवढंच सांगा त्याला.”

“हं.”

मास्तर उठले नाहीत.

“मास्तर, चला ना.”

मास्तर भिंतीकडे पाहत होते.

“मास्तर...?”

काही नाही.

हेरंबने त्यांचा दंड धरून हलवला. “अहो मास्तर! मी एकटा काय सांगू त्याला?”

खालचं शिलाई मशीन थांबलं. जिन्यावर पावलं वाजली. दाराची कडी हलली.

हेरंब जागचा हलेना. तेव्हा मास्तर बोलले.

“तीन हाका मारल्यास. सोनाबाईंच्या कुणी मोजल्या नाहीत. दार उघड.”