शेवटचं रीळ

एका बाजारगावात एकच थिएटर होतं, आणि त्या थिएटरात सोपान नावाचा ऑपरेटर होता. वरच्या खोलीत सिनेमा दाखवायची त्याची दोन मशिनं होती, आणि एकेक सिनेमा बऱ्याच रिळांत येई. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई. तो दिसताक्षणी दुसरं मशीन चालू करायचं. चुकलं की पडदा पांढरा पडे आणि खालून शिट्ट्या सुरू होत.

सोपानचा हात असा बसला होता की एक रीळ कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं, ते कुणाला कळत नसे. तरी त्याचं समाधान होईना. त्याने मनाशी ठरवलं, अख्खं वर्ष, रोजचे तीन खेळ, एकदाही पडदा पांढरा पडू द्यायचा नाही. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बदली ऑपरेटर येत असे, त्यालाही त्याने येऊ नको म्हणून सांगितलं.

आता गंमत बघा. या माणसाने शेकडो सिनेमे दाखवले, पण पाहिला एकही नाही. त्याची नजर कायम त्या कोपऱ्यावर. शेवटच्या रिळाला ठिपका बघायचा नसतो, कारण पुढे लावायचं काही उरलेलंच नसतं. तेव्हा हा पडद्याकडे पाठ करून आधीची रिळं उलटी गुंडाळत बसे. बाजारात कुणी विचारलं, "सोपानराव, कसा आहे नवा पिक्चर?" तर म्हणे, "प्रिंट स्वच्छ आहे. बिनधास्त जा."

घरी त्याची थोरली बहीण होती, चंद्राक्का. दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. चंद्राक्का दर शुक्रवारी तीनच्या खेळाला जाई आणि सोपान जेवायला घरी आला की सांगे, "सोपाना, ह्यो बघच. ह्यातली सासू आपल्या मावशीसारखी मान हलवती बघ. हसून हसून पोट दुखंल तुझं." सोपान मान वर न करता म्हणे, "वर्ष होऊ दे, आक्का. मग बघू."

त्याच वर्षात चंद्राक्काचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी माणसांचे चेहरे गेले, मग रंग गेले.

वर्ष भरायला दोन आठवडे उरले असताना थिएटरात एक जुना सिनेमा परत लागला. चंद्राक्काने तो पूर्वी अर्धाच पाहिला होता. ती म्हणाली, "सोपाना, मला नुसतं ऐकू येतंय. कोण रडतंय, कशापायी रडतंय, काय कळत न्हाई. एक दिस माझ्या शेजारी बस आन सांग मला. बदलीवाल्याला बोलवावं की."

सोपान अडखळला. बदलीवाल्याचा हात कच्चा होता. "आक्का, चौदाच दिवस राहिलेत गं."

चंद्राक्का शेजारणीचा हात धरून थिएटरापर्यंत गेली. शेजारीण परतली आणि ती आत एकटीच बसली. वरच्या खोलीच्या खिडकीतून तिचं पांढरं डोकं सोपानला दिसलं असतं. पण त्याला कोपऱ्याकडे बघायचं होतं.

वर्ष पुरं झालं. पडदा एकदाही पांढरा पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने त्याच्या गळ्यात हार घातला, पेढ्यांचा पुडा हातात दिला. सोपान जवळजवळ पळतच घरी आला. "आक्का, जमलं! एकदाही चुकलो नाही!"

चंद्राक्काचा चेहरा उजळला. तिने चाचपत त्याच्या गळ्यातला हार शोधला, त्याच्या गालावरून हात फिरवला. "गुणाचा रं माझा भाऊ." मग जरा पुढे सरकून म्हणाली, "आता त्या पिक्चरचं सांग. ती नदीवर वाट बघत हुबी असती ना, मग त्यो येतो का न्हाई? शेवटाला नुसती सनई वाजली, कुणी बोललंच न्हाई. मी पंधरा दिस त्योच इचार करतीय."

सोपानने तो शेवट बेचाळीस वेळा दाखवला होता. आणि बेचाळीस वेळा त्याची पडद्याकडे पाठ होती.

"येतो," तो म्हणाला.

"तू बघितलंस?"

सोपानला खोटं रेटता येईना. "नाही, आक्का. मला माहीत नाही."

रिळांच्या पेट्या सकाळच्या एसटीने पुढच्या गावाला गेल्या होत्या. पेढ्यांचा पुडा दोघांच्या मध्ये तसाच पडून होता. सोपानला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि ते सांगायला समोर जी एकच व्यक्ती होती, तिलाच त्याने एकटं ठेवलं होतं.

"असू दे," चंद्राक्का म्हणाली. "हात धू, जेवायला बस."

पुढच्या शुक्रवारी सोपानने रजा घेतली आणि विचारलं, "आक्का, कुठला बघू या?" ती म्हणाली, "तुला आवडंल त्यो बघ जा." त्यानंतर तिने त्याला कुठलाच सिनेमा बघ म्हणून सांगितलं नाही.

तात्पर्य: आपल्या कामात तरबेज व्हावं, मनाशी ठरवलेलं पुरंही करावं; पण आपलं माणूस जिव्हाळ्याने "हे बघ" म्हणतं तेव्हा ते आपली सोबत मागत असतं, आणि ती त्याच वेळी द्यावी लागते.